समजून घ्या : हबशी गुलाम निजामशाहीचा कारभारी कसा झाला? वाचा मलिक अंबरची गोष्ट

आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या एका माणसाने अहमदनगरची निजामशाही तब्बल पाव शतक मोगलांविरुद्ध झुंजत ठेवली. शहरात बाहेरचा कोण, हा वाद आजही रंगतो. ४०० वर्षांपूर्वी नगरच्या दरबारातही तो होता.

मलिक अंबर आला कुठून?
जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहान वयातच तो विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनेत पोहोचला. निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतले. हा चंगेज खान म्हणजे मंगोल सम्राट नव्हे; तोही एकेकाळचा हबशी गुलामच. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. काही काळ विजापूरला चाकरी करून तो नगरला परतला.

हबशी परके मानले जायचे का?
दरबारात दख्खनी आणि आफाकी असे दोन तट होते. इराण, तुर्कस्तानातून आलेले अमीर म्हणजे आफाकी, अर्थात परदेशी. हबशीही समुद्रापलीकडचेच, पण ते बहुतेकदा दख्खनींच्या बाजूने उभे राहत. गुलामांना परतीची वाट नव्हती. त्यामुळे दख्खन हेच त्यांचे घर झाले.

अंबरने काय केले?
१६०० मध्ये चांदबिबीच्या मृत्यूनंतर नगरचा किल्ला मोगलांनी घेतला. अंबरने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले. मराठा स्वारांच्या साथीने गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. जमिनीचा मगदूर पाहून शेतसारा ठरवला. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवले आणि तिथे नहरीने पाणी आणले. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला तलावाचे पाणी सोडून मोगल व आदिलशाही फौजांची वाट चिखलात रुतवली. या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने होते. त्यांचे बंधू शरीफजी इथेच कामी आले.

रंगावरून हिणवले गेले का?
हो. जहांगीरने आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून त्याला हिणवले. अंबरच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडतोय, असे चित्रही काढून घेतले. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ मध्ये ऐंशीच्या घरात असताना तो वारला. कबर खुलताबादला आहे.

म्हणून गुलामगिरी सौम्य होती असे नाही. अंबरसारखे मोजकेच वर पोहोचले. बाकीच्यांची नावेही उरली नाहीत. पण ज्याला नगरने विकत घेतले, त्यानेच नगरचे राज्य राखले. तो गेल्यावर दहा वर्षांत निजामशाही संपली.