दानिएल बोव्हे : अ‍ॅलर्जीच्या औषधाची वाट शोधणारा शास्त्रज्ञ



हवा बदलली की वर्गात शिंका सुरू होतात. कुणाचे नाक गळते, कुणाच्या अंगावर गांधी उठतात. मग घरी गेल्यावर मागच्या वर्षीची सिरपची बाटली निघते. चमचाभर औषध पोटात जातं, मूल गाढ झोपतं आणि आपल्याला वाटतं, चला, गुण आला! या औषधांची वाट ज्यांनी पहिल्यांदा शोधली, त्या दानिएल बोव्हे यांची आज ओळख करून घेऊ. त्यांची गोष्ट वाचलीत, तर पुढच्या वेळी बाटली उघडण्याआधी तुम्ही नक्की लेबल वाचाल.

जन्म आणि बालपण

बोव्हे यांचा जन्म 23 मार्च 1907 रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्यांचे वडील पिएर बोव्हे शिक्षणशास्त्रज्ञ होते. जिनिव्हात 1912 साली सुरू झालेल्या रूसो इन्स्टिट्यूटचे ते संचालक होते. मूल कसे शिकते, हा तिथला अभ्यासाचा विषय. अशा घरात दानिएल वाढले. जिनिव्हा विद्यापीठातून 1929 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले.

एक साधा प्रश्न

आपल्या शरीरात हिस्टामिन नावाचा पदार्थ असतो. अ‍ॅलर्जी झाली की तो पेशींमधून बाहेर पडतो. मग खाज, सूज, शिंका, नाक वाहणे हे सगळे सुरू होते. शरीरातील इतर काही पदार्थांचे काम रोखणारी द्रव्ये तेव्हा माहीत होती, पण हिस्टामिनला रोखणारे काहीच नव्हते. मग तसे द्रव्य बनवता येईल का? बोव्हे यांनी हाच प्रश्न धरला.

1937 मध्ये त्यांना आणि त्यांच्या तरुण सहकारी आन-मारी स्टाउब यांना उत्तर सापडले. एरवी जीव घेईल इतके हिस्टामिन देऊनही, हे नवे द्रव्य आधी दिलेले गिनीपिग वाचले. जगातले पहिले अँटिहिस्टामिन मिळाले होते.

आता इथे जरा थांबा. हे औषध लगेच बाजारात आले असेल, असं वाटतं ना? तसे झाले नाही. ते द्रव्य माणसाला देण्याच्या दृष्टीने फार विषारी होते. गुण होता, पण सुरक्षितता नव्हती. संशोधकांना पुन्हा कामाला लागावे लागले. रेणूची रचना थोडी बदलायची, पुन्हा तपासायचे, पुन्हा बदलायचे. 1942 मध्ये फ्रान्समध्येच बर्नार्ड हाल्पर्न यांच्या कामातून माणसाला देता येईल असे औषध मिळाले. 1944 मध्ये बोव्हे आणि सहकाऱ्यांनी त्याहून चांगले मेपिरामिन पुढे आणले. म्हणजे गुण सापडल्यापासून ते औषध होईपर्यंत पाच वर्षे गेली. आणि त्यातला शेवटचा काळ तर पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात असतानाचा!

पुढील आयुष्य

1938 मध्ये त्यांनी फिलोमेना नित्ती यांच्याशी विवाह केला. त्याही संशोधक होत्या आणि दोघांनी आयुष्यभर एकत्र काम केले. 1947 मध्ये दोघे रोमला गेले. तिथे बोव्हे यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणाऱ्या औषधांवर काम केले. 1957 मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उतारवयात ते मेंदूकडे वळले. शिकणे आणि लक्षात ठेवणे हा त्यांचा विषय झाला. वडिलांनी मुलांचे शिकणे पाहिले, मुलगा प्रयोगशाळेत उंदरांचे शिकणे पाहू लागला. 8 एप्रिल 1992 रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले.

आपण यातून काय घ्यायचे?

गुण येणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेने त्यासाठी वर्षे घातली. आपण घरी निदान पाच मिनिटं द्यायला हवीत.

1. औषध आणि त्याचे प्रमाण डॉक्टरांनी मुलाचे वय व वजन पाहून ठरवायचे. मोठ्या भावाचे औषध धाकटीला अर्धे करून देऊ नका.

2. घरातला चमचा वापरू नका. चमच्याचे माप घरोघरी वेगळे असते. बाटलीसोबतचे माप किंवा सिरिंज वापरा. थेंबांचे औषध आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असू शकते, म्हणून एकाचे माप दुसऱ्याला लावू नका.

3. सर्दीच्या अनेक सिरपमध्ये अँटिहिस्टामिन आधीच असते. दोन बाटल्या एकत्र दिल्या, तर मात्रा नकळत दुप्पट होते. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेले सिरप 4 वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्यास आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये सांगितले आहे. प्रोमेथाझिन तर 2 वर्षांखालील बाळाला देऊच नये, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

4. झोप येणे म्हणजे गुण येणे नव्हे. मेंदूतले हिस्टामिन आपल्याला जागे ठेवते. जुनी औषधे मेंदूत पोहोचून तेही रोखतात, म्हणून गुंगी येते. काही मुले उलट चिडचिडी, अस्वस्थ होतात. प्रवासात मूल शांत झोपावं म्हणून हे औषध कधीही देऊ नका. सेटिरिझिन, लोराटाडिन यांनी गुंगी कमी येते, पण तीही डॉक्टरांना विचारूनच. शिक्षकांनो, एखादे मूल सकाळच्या तासाला रोज पेंगत असेल, तर रागावण्याआधी पालकांना विचारा, काही औषध चालू आहे का?

5. सर्वांत महत्त्वाचे : ओठ-जीभ सुजली, धाप लागली, आवाज बसला, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल गळून गेले, तर सिरपची वाट पाहू नका. तेव्हा अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शनच लागते. लगेच 108 ला फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा. चुकून जास्त औषध गेले, तरीही हेच करा आणि बाटली सोबत न्या.

पुढच्या पालकसभेत पाच मिनिटे या विषयाला नक्की द्या. आणि आज घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडून मुदत संपलेल्या बाटल्या बाजूला काढा.