वाचत्या प्रजेचा राजा : महाराजा सयाजीराव गायकवाड

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे हे एक लहानसे गाव आहे. तेथील काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी कुटुंबात 11 मार्च 1863 रोजी गोपाळ नावाचा मुलगा जन्मास आला. गुरे, शेत आणि ओढ्याकाठचे खेळ यांतच त्याचे बालपण गेले. पुस्तकांशी त्याचा परिचय जवळजवळ नव्हताच. पुढे 1875 साली बडोद्याचे मल्हारराव महाराज पदच्युत झाले आणि महाराणी जमनाबाईंनी गादीसाठी गायकवाड घराण्यातील मुलांचा शोध आरंभिला. त्या शोधात या बारा वर्षांच्या मुलाची निवड झाली. दत्तकविधीनंतर गोपाळचे सयाजीराव झाले.

ज्या वयात इतर मुले वरच्या इयत्तांत पोहोचतात, त्या वयात या राजपुत्राचे शिक्षण सुरू झाले. इलियट या शिक्षकांच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास एकाच वेळी चाले. दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभाराचे पाठ देत. उशिरा हाती आलेल्या विद्येचे मोल सयाजीरावांनी जन्मभर जाणले. 28 डिसेंबर 1881 रोजी त्यांच्याकडे राज्याचे पूर्ण अधिकार आले. त्यानंतर त्यांनी ज्या कार्यांना सर्वाधिक चिकाटीने वाहून घेतले, त्यांत प्रजेच्या शिक्षणाचे स्थान अग्रभागी होते.

1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि 1906 मध्ये तो संपूर्ण राज्यास लागू झाला. हे काम सोपे नव्हते. मुलगा शाळेत गेला की शेतावरचे दोन हात कमी होत. मुलीला शाळेत पाठविणे तर पुष्कळांना अनावश्यकच वाटे. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड ठेवावा लागला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा व वसतिगृहे काढावी लागली, आणि तेथे शिकविण्यास शिक्षक मिळविणेही कठीण गेले. तरीही महाराज मागे हटले नाहीत.

शाळा वाढल्या तसा एक नवा प्रश्न पुढे उभा राहिला. चार इयत्ता शिकलेला मुलगा पुन्हा शेतात जाई. घरी पुस्तक नसे, गावात वर्तमानपत्र येत नसे, आणि काही वर्षांत अक्षरओळख पुसली जाई. राज्याने केलेला खर्च आणि मुलाने केलेले श्रम दोन्ही वाया जात. शाळेने लावलेले रोप जगवायचे तर गावोगावी ग्रंथालय हवे, या निष्कर्षाशी महाराज आले.

परदेशप्रवासात त्यांचे लक्ष राजवाड्यांइतकेच शाळा, संग्रहालये आणि ग्रंथालये यांकडे असे. 1906 मधील अमेरिकाप्रवासात तेथील मोफत सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी बारकाईने पाहिली. 1910 मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अनुभवी अमेरिकन ग्रंथपालांना त्यांनी बडोद्यास आणविले. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पायाभरणीसाठी राजवाड्यातील सुमारे 20,000 ग्रंथांचा स्वतःचा संग्रह महाराजांनी देऊन टाकला. ज्या कपाटांपाशी आजवर केवळ राजघराण्यातील माणसे जात, तेथील ग्रंथ आता कोणाही नागरिकाच्या घरी विनामूल्य जाऊ लागले. बॉर्डन 1913 पर्यंत बडोद्यात होते. त्यांनी ग्रंथांचे वर्गीकरण बसविले आणि ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग चालविले. त्यांच्या पश्चात न्यूटन मोहन दत्त यांनी ही धुरा वाहिली.

खेड्यांसाठी आखलेली योजना विशेष लक्षणीय होती. ग्रामस्थांनी ठरावीक वर्गणी जमविली की तेवढीच रक्कम राज्य देई आणि तेवढीच प्रांत पंचायत घाली. एक तृतीयांश भार गावाने उचललेला असल्यामुळे ग्रंथालय सरकारचे न राहता गावाचे होई. जेथे तेवढेही शक्य नव्हते तेथे फिरते ग्रंथालय जाई. निवडक पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावात येई, ती वाचून होताच परत जाई आणि दुसरी येई. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र विभाग होते. निरक्षरांनाही ज्ञानाचा लाभ व्हावा म्हणून जादूचा कंदील आणि चित्रपट यांच्या साहाय्याने गावोगावी कार्यक्रम होत. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या निष्ठावान कार्यकर्त्यांनी ही चळवळ गुजराती खेड्यांत रुजविली.

वाचकांना पुस्तके पुरवायची तर ती लोकभाषेत असावयास हवीत, हेही महाराजांनी ओळखले. दोन लक्ष रुपयांचा निधी वेगळा काढून त्यांनी सयाजी साहित्यमाला व सयाजी बालज्ञानमाला सुरू केल्या. त्यांतून मराठी व गुजराती भाषांत विविध विषयांवरील ग्रंथ निघाले. प्राचीन हस्तलिखितांसाठी गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमाला व प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले. 1913 मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणास कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. त्या विद्यार्थ्याने पुढे ग्रंथांवर केलेले प्रेम सर्वश्रुत आहे.

1932 मध्ये कोल्हापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराजांनी भूषविले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ज्याचे शिक्षण सुरूही झाले नव्हते, त्या मुलाचा हा प्रवास होता. 6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढे बडोदे संस्थानही विलीन झाले. मात्र मांडवीनजीकचे मध्यवर्ती ग्रंथालय, पोलादी मांडण्या आणि काचेच्या तक्तपोशीसह, आजही वाचकांची वाट पाहत उभे आहे.

सयाजीरावांच्या चरित्रातून शाळांनी घ्यावयाचा बोध साधा आहे. वाचावयास शिकविणे हे शाळेचे कार्य, आणि शिकलेले टिकविणे हे घराचे व गावाचे. कवळाण्याच्या मुलास पुस्तक उशिरा मिळाले. आपल्या प्रजेतील मुलास तो उशीर होऊ नये, यासाठी त्याने आपले आयुष्य वेचले.