बार्तोलोमेओ एउस्ताकी : रोमनगरीतील एक थोर शरीररचनाशास्त्रज्ञ

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात बाळ येशूच्या यात्रेसाठी वसई परिसरातून नाशिकरोडला जाणाऱ्या भाविकांना कसारा घाटातील एक अनुभव चांगलाच परिचयाचा आहे. गाडी घाट चढू लागली की कानात दडे बसतात, शेजाऱ्याचे बोलणे दुरून आल्यासारखे वाटते. मग कोणीतरी आवंढा गिळतो, कोणी जांभई देतो, कानात फट् असा बारीक आवाज होतो आणि कान मोकळा होतो. विमानप्रवास करणाऱ्यांना तर हा अनुभव नित्याचाच. काही जणांना मात्र घाट नसताना, घरी बसल्या बसल्या, दिवसातून अनेकदा कानात असा आवाज होत राहतो आणि आपल्याला काही मोठा आजार तर जडला नाही ना, अशी चिंता त्यांना सतावते. अशा रुग्णाने कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे धाव घेतली तर त्याच्या कागदावर बहुधा एक नाव लिहिले जाते : युस्टेशियन नलिका. हे नाव ज्यांच्यावरून पडले ते बार्तोलोमेओ एउस्ताकी हे सोळाव्या शतकात रोममध्ये राहून कार्य करणारे वैद्य होते. आपल्या लोकांना त्यांचे नाव ऐकून माहीत असते, परंतु त्यांचे जीवन मात्र फारसे कोणी जाणत नाही.

इटलीच्या मार्के प्रांतात सान सेवेरिनो नावाचे गाव आहे. त्या काळी हा प्रदेश पोपमहोदयांच्या राज्यात मोडत असे. सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बार्तोलोमेओ यांचा येथे जन्म झाला. जन्मवर्षाबाबत इतिहासकारांत एकमत नाही. कोणी १५०० सांगतात, कोणी १५१० तर कोणी १५१४. वडील मारियानो हे स्वतः वैद्य होते. मुलाला नाव मिळाले ते प्रेषित संत बर्थोलोम्यू यांचे. याच प्रेषिताने आपल्या कल्याणच्या परिसरात सुवार्ता आणली अशी एक परंपरा आहे, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

तरुण बार्तोलोमेओ यांना भाषांची विलक्षण आवड होती. ग्रीक, हिब्रू आणि अरबी या तिन्ही भाषा त्यांनी आत्मसात केल्या. त्या काळात वैद्यकशास्त्र म्हणजे मुख्यतः ग्रंथांचे शास्त्र होते. गॅलेन हा प्राचीन ग्रीक वैद्य आणि इब्न सीना हा मध्ययुगीन पंडित हे दोन आधारस्तंभ मानले जात. बहुतेक वैद्य त्यांना लॅटिन भाषांतरातून वाचत. एउस्ताकी मूळ भाषेतून वाचू शकत होते. पुढे त्यांच्या स्वभावात जी चिकित्सक वृत्ती दिसते तिचे मूळ या अभ्यासात असावे, असे आम्हास वाटते. शब्द तपासून घेण्याची सवय लागलेला मनुष्य हाडेही तपासून घेतो.

त्यांची कीर्ती पसरली आणि उर्बिनोच्या ड्यूकने त्यांना आपले वैद्य म्हणून नेमले. ड्यूकचे बंधू जुलिओ देल्ला रोव्हेरे हे कार्डिनल होते. १५४९ साली एउस्ताकी या कार्डिनल महोदयांचे वैद्य म्हणून रोमला आले आणि पुढील पंचवीस वर्षे हीच नगरी त्यांची कर्मभूमी ठरली. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवले. हे विद्यापीठ १३०३ साली पोप आठवे बोनिफास यांनी स्थापन केलेले होय.

ख्रिस्तसभेने शवविच्छेदनाला बंदी घातली होती, असे आजही अनेक ठिकाणी छापले जाते. वस्तुस्थिती तशी नव्हती. पोप आठवे बोनिफास यांनी १२९९ साली एक आदेश काढला होता हे खरे. परंतु तो परदेशी मरण पावलेल्यांची प्रेते उकळून, हाडे वेगळी करून मायदेशी नेण्याच्या प्रथेविरुद्ध होता. काही जणांनी त्याचा अर्थ ताणून घेतला, ही गोष्ट निराळी. एउस्ताकी यांना तर पोपमहोदयांच्या नगरीतच, सांतो स्पिरितो आणि कोन्सोलात्सिओने या रुग्णालयांत मरण पावलेल्यांची शवे अभ्यासासाठी मिळत असत. ज्या दीनदुबळ्यांना मागे विचारणारे कोणी नव्हते, त्यांच्या निष्प्राण देहांनी पुढच्या पिढ्यांवर केवढे उपकार केले! त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

त्या वेळी युरोपातील वैद्यकविश्वात मोठे वादळ उठले होते. १५४३ मध्ये व्हेसेलियस यांनी आपला महाग्रंथ प्रसिद्ध करून गॅलेनच्या अनेक चुका दाखवून दिल्या होत्या. एउस्ताकी प्रथम गॅलेनच्या बाजूने उभे राहिले. १५६१ साली त्यांनी हाडांविषयी आणि मस्तकाच्या हालचालींविषयी लिहिले, ते गॅलेनचा कैवार घेण्यासाठीच. या वादात त्यांची लेखणी बरीच तिखट झाली होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु गुरूचा बचाव करण्यासाठी हा मनुष्य ग्रंथांत न शिरता पुन्हा पुन्हा देह उघडून पाहत राहिला, आणि गुरूलाही जे दिसले नव्हते ते त्यांना दिसू लागले.

पुढील दोन-तीन वर्षांचे त्यांचे कार्य थक्क करणारे आहे. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचे वर्णन प्रथम त्यांनी केले. १५६३ मध्ये दातांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यासाठी त्यांनी मृत अर्भकांचे जबडे तपासले आणि पक्के दात दुधाच्या दातांपासून नव्हे तर स्वतंत्र अंकुरांपासून वाढतात, हे दाखवले. घोड्याच्या छातीतील एका शिरेचा शोध घेता घेता त्यांना एक पांढरी नळी आढळली. शरीरातील लसिका रक्तात नेऊन सोडणारी ती मुख्य वाहिनी होती. तिचे कार्य त्यांना उलगडले नाही. १५६४ साली त्यांनी जे दिसले तेवढेच लिहून ठेवले. सुमारे ऐंशी वर्षांहून अधिक काळ त्या ओळींकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

आता कानाकडे वळू. १५६२ साली एउस्ताकी यांनी श्रवणेंद्रियावर एक पत्ररूप प्रबंध लिहिला. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक लहानशी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन इवलीशी हाडे याच पोकळीत असतात. या पोकळीतून एक अरुंद मार्ग निघून तिरका खाली उतरतो आणि नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडतो. कान आणि मुख यांचा असा काही संबंध असावा, याची कुणकुण प्राचीन ग्रीकांना होती. क्रोतोनचा आल्कमेऑन तर शेळ्या कानाने श्वास घेतात असे मानत असे आणि ॲरिस्टॉटलने त्याची ही समजूत खोडून काढली होती. परंतु त्या मार्गाची सुरुवात, शेवट, आकार, त्याचा हाडाचा भाग कोणता आणि मऊ कूर्चेचा कोणता, हे सारे नेमकेपणाने मांडले ते एउस्ताकी यांनी. पडदा ताणून धरणाऱ्या सूक्ष्म स्नायूचे वर्णनही त्याच प्रबंधात आहे. रिकीब हे हाड प्रथम कोणी शोधले यावरून मात्र वाद झाला. फालोप्पिओ यांनी १५६१ साली त्याचे श्रेय सिसिलीच्या इन्ग्रासिया यांना दिले होते. आपल्यालाही ते आधीपासून ठाऊक होते असा एउस्ताकी यांचा दावा होता. हा वाद कधी पूर्णपणे मिटला नाही.

एउस्ताकी यांच्या लेखनातील एक विचार विशेष लक्षणीय आहे. हा मार्ग माहीत असणे वैद्यांना उपचारासाठी उपयोगी पडेल, कारण कानात साचलेला स्राव या वाटेने बाहेर पडू शकतो, असे त्यांनी सुचवले. त्यांच्या मनात रुग्ण होता.

आज आपल्याला या नळीविषयी बरेच अधिक ठाऊक आहे. प्रौढांमध्ये ती सुमारे साडेतीन सेंटीमीटर लांब असते आणि एरवी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक स्नायू ती क्षणभर उघडतो, थोडी हवा आतबाहेर होते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब समान होतो. कानातला तो फट् आवाज म्हणजे दार उघडल्याची खूण. घाट चढताना आतली जादा हवा सहज बाहेर निसटते. उतरताना मात्र बाहेरची हवा आत घ्यावी लागते, म्हणून उतरणीवर कान अधिक दुखतात. सर्दी, ॲलर्जी यांमुळे नळीच्या तोंडाशी सूज आली की दार नीट उघडत नाही, दडे बसतात आणि आवाज वारंवार होतो. लहान मुलांची नळी आखूड व आडवी असते, शिवाय नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाढलेल्या असू शकतात. म्हणून सर्दीपाठोपाठ त्यांचे कान फुटतात. केवळ आवाज होत असेल, वेदना नसतील आणि ऐकू नीट येत असेल तर घाबरण्याचे कारण सहसा नसते. परंतु कान दुखणे, स्राव येणे, चक्कर येणे, ऐकू कमी येणे यांपैकी काही असेल, किंवा प्रौढ व्यक्तीचा एकच कान आठवडेच्या आठवडे बंद राहत असेल, तर तज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.

एउस्ताकी यांच्या जीवनातील खरी शोकांतिका त्यांच्या चित्रांची आहे. १५५२ सालीच त्यांनी आपले नातलग पिएर मात्तेओ पिनी यांच्या साहाय्याने मानवी देहाची चित्रे सिद्ध करून ती जुलिओ दे मुझी या कुशल कारागिराकडून तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतली होती. असे एकूण ४७ ताम्रपट होते. चित्रांवर अक्षरांची गर्दी न करता त्यांनी कडेने नकाशासारखी अंकांची पट्टी आखली. दोन अंक जुळवले की हवा तो अवयव सापडे. या चित्रांसह शरीररचनेतील वादांवर एक मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. परंतु १५६४ साली केवळ आठ ताम्रपट छापले गेले. उरलेले ३९ तसेच राहिले आणि ग्रंथ तर कधीच प्रकाशात आला नाही.

विलंब का झाला हे निश्चित सांगता येत नाही. एवढे मात्र खरे की उतारवयात संधिवाताच्या एका तीव्र प्रकाराने, ज्याला गाऊट म्हणतात, त्यांना ग्रासले. वेदना इतक्या वाढल्या की विद्यापीठातील अध्यापन सोडावे लागले. तरीही कार्डिनल देल्ला रोव्हेरे यांची सेवा त्यांनी सोडली नाही. १५७४ साली कार्डिनल महोदय फोसोम्ब्रोने येथे आजारी पडले आणि त्यांनी आपल्या जुन्या वैद्याला बोलावणे धाडले. दुखऱ्या पायांनिशी एउस्ताकी रोमहून निघाले. रुग्णापर्यंत ते पोहोचलेच नाहीत. वाटेतच त्यांनी देह ठेवला.

ताम्रपट पिनी यांच्याकडे गेले आणि जगाच्या दृष्टीने नाहीसे झाले. दरम्यान १७०४ मध्ये बोलोन्याचे आन्तोनिओ मारिया वाल्साल्वा यांनी कानावरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्या नळीला एउस्ताकी यांचे नाव दिले. नाक दाबून, तोंड मिटून हलकेच श्वास ढकलल्यास नळी उघडते, ही आज प्रत्येक विमानप्रवासी वापरतो ती युक्ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. (ती जोर लावून करू नये, आणि सर्दी असताना तर मुळीच नाही.) वाल्साल्वा यांचे शिष्य मोर्गान्यी. त्याच सुमारास पोप अकरावे क्लेमेंट यांचे वैद्य जोव्हान्नी मारिया लांचिसी यांच्या काळात हरवलेल्या ताम्रपटांचा माग लागला. ते पिनी यांच्या एका वंशजाकडे जपून ठेवलेले होते! पोपमहोदयांनी ६०० स्कुदी मोजून ते विकत घेतले आणि लांचिसी यांच्या हाती सोपवले. मोर्गान्यी यांच्या सल्ल्याने लांचिसी यांनी टिपणे जोडली आणि १७१४ साली सर्व चित्रे रोममध्ये एकत्र छापून प्रसिद्ध केली. कोरून झाल्यापासून १६२ वर्षे लोटली होती.

इतक्या उशिराही ती जुनी वाटली नाहीत. मेंदूच्या तळाचे व मज्जातंतूंचे त्यांतील चित्र पाहून अभ्यासक चकित झाले. १७४४ साली हॉलंडमधील लायडन येथे आल्बिनुस या नामवंत प्राध्यापकांनी त्यांवर सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. व्हेसेलियस यांच्या चित्रांइतकी ती देखणी नाहीत, हे खरे. परंतु १५५२ मध्येच ती जगासमोर आली असती तर शरीररचनाशास्त्र कितीतरी लवकर पुढे सरकले असते, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे.

नळीची कहाणीही थांबली नाही. १७२४ साली व्हर्सायच्या टपाल खात्यातील गीयो नावाच्या अधिकाऱ्याने स्वतःचे बहिरेपण घालवण्यासाठी तोंडावाटे एक वाकडी नळी तिथवर नेली. तो डॉक्टर नव्हता. १८६३ मध्ये व्हिएन्नाचे आडाम पोलित्झर यांनी नाकातून हवा देण्याची रबरी पिशवी तयार केली. अलीकडे शास्त्रीय परिभाषेत व्यक्तींची नावे टाळण्याची पद्धत असल्याने पाठ्यपुस्तकांतून तिला केवळ श्रवणनलिका म्हटले जाते. दवाखान्यात मात्र आजही डॉक्टर युस्टेशियन असेच लिहितात.