ना तारीख, ना तिकीट : गाडगेबाबांचं कीर्तन गावात अचानक रंगायचं

आज एखादा गायक न सांगता चौकात गायला उभा राहिला की काही मिनिटांत गर्दी जमते. याला पॉप-अप कॉन्सर्ट म्हणतात. महाराष्ट्रातल्या खेड्यांनी मात्र हा अनुभव शंभर वर्षांपूर्वीच घेतलाय. तोही फुकट.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि सोबत मातीचं गाडगं. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबा गावात यायचे ते कुणालाही न कळवता. आल्याआल्या रस्ते झाडायला लागायचे. बघणाऱ्यांना वाटायचं, कुणी वेडा असेल. संध्याकाळी तोच माणूस कीर्तनाला उभा राहिला की अख्खं गाव थक्क व्हायचं.

भाषा अस्सल वऱ्हाडी. बाबा प्रश्न टाकायचे, उत्तरं समोरच्यांनी द्यायची. कर्ज काढून सण करणं, नवसाला बकरं कापणं, शिवाशिव पाळणं, पोरांना शाळेत न घालणं, सगळ्याची झाडाझडती व्हायची. हसता हसता ऐकणारा आपल्याच तोंडून आपली चूक कबूल करून बसायचा.

कीर्तन संपल्यावर लोक पाया पडायला धावायचे, तोवर बाबा निसटलेले असायचे. लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबा स्वतः मात्र फिरतेच राहिले.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. २० डिसेंबरला अमरावतीजवळ त्यांचं निधन झालं. त्या शेवटच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. त्यात बाबांइतकाच गर्दीचाही आवाज आहे.