नोकरी सुटलेले बाबासाहेब

तळोजा एमआयडीसीतील एका कारखान्यात अकरा वर्षे राबलेला आपलाच एक बांधव मागच्या महिन्यात पनवेलला माझ्याकडे आला. कंत्राटदार बदलला होता. नव्याला जुनी माणसे नको होती. जुन्याने हिशेब देण्यापूर्वी एका छापील कागदावर सही मागितली होती आणि तो कागद राजीनाम्याचा होता. मी त्याला विचारले की, ईएसआयकडे बेकारीच्या भत्त्यासाठी अर्ज केला का? त्यावर तो थोडा रागावलाच. आपण बाबासाहेबांची लेकरे आहोत, फुकटचे घेत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. त्याचा स्वाभिमान मला मान्य आहे. परंतु ज्या महामानवाचे नाव घेऊन तो हा भत्ता नाकारत होता, त्या महामानवाने स्वतः बेकारीचे चटके सोसले होते आणि बेकार माणसाला सरकारने मदत करावी याचा विचार आयुष्यभर मांडला होता. हे आपल्या कामगारांना आपणच सांगितलेले नाही. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र आज या एका बाजूने सांगतो.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन तरुण भीमराव अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि ऑगस्ट १९१७ मध्ये अर्धवट शिक्षण सोडून मुंबईला परतले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीत होते ती बोट बुडाली. त्या सामानाच्या भरपाईपोटी सहाशे रुपये मिळाले, त्यातूनच घरी काही देऊन ते सप्टेंबरमध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. एवढा शिकलेला माणूस, परंतु भरपाईची रक्कम मिळाली म्हणून कामावर जाण्याचे भाडे निघाले. नव्या नोकरीवर जायला गाडीभाडे नसते म्हणजे काय, हे आपल्या घराघरात माहीत आहे.

बडोद्यात काय झाले ते आपण जयंतीच्या भाषणांतून ऐकतो, परंतु ते अस्पृश्यतेचा प्रसंग म्हणून ऐकतो. ती नोकरी जाण्याचीही गोष्ट आहे, हे लक्षात घेत नाही. कचेरीत शिपाई लांबून फाइली टाकत. राहायला घर कोणी देईना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी सरायीत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागून पाहिला, तोही मिळाला नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वाट पाहिली आणि मुंबई गाठली. कागदोपत्री पाहिले तर त्यांनी नोकरी स्वतःहून सोडली. खरे पाहिले तर त्यांना हाकलले गेले. वकील म्हणून मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरे हा प्रकार माझ्या टेबलावर रोज येतो.

त्यानंतरचे वर्षभर बाबासाहेब दोन नोकऱ्यांच्या मध्ये लटकत होते. घरात रमाई, मुलगा यशवंत, नात्यातली माणसे. डोक्यावर शिष्यवृत्तीच्या कराराचे ओझे. त्यांनी दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. अर्थशास्त्राचा एवढा व्यासंग असलेला सल्लागार त्या वेळी मुंबईत किती जणांना मिळाला असता? परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. नोकरी जातीने घेतली, धंदाही जातीनेच घेतला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात तात्पुरती प्राध्यापकी मिळाली. पगार साडेचारशे रुपये. तिथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये अशी कुरकूर झालीच.

याच काळात, १९१८ साली, त्यांचा भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरचा निबंध प्रसिद्ध झाला. शेतीचे तुकडे एकत्र केले की प्रश्न सुटेल, असे तेव्हाचे मोठमोठे अर्थतज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी उलटे सांगितले. शेतीवर नको इतकी माणसे अडकून पडली आहेत, त्यांच्या हातांना काम नाही आणि काम नसलेले हात देशाच्या उत्पन्नात भर न घालता त्यातून खात राहतात, ही खरी आपत्ती आहे. म्हणून उद्योगधंदे वाढले पाहिजेत. बेकार माणूस आळशी असतो असे त्यांनी कुठेही म्हटले नाही. दोष त्यांनी व्यवस्थेच्या पदरात घातला.

सिडनहॅमच्या पगारातून पैसे साठवून आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. इंग्लंडमध्ये बेकारीचा विमा काही धंद्यांपुरता १९११ च्या कायद्याने आला होता. १९२० च्या कायद्याने तो बहुतेक औद्योगिक कामगारांना लागू झाला. युद्धानंतर लाखो इंग्रज कामगार बेकार झाले आणि आठवड्याला भत्ता घेण्यासाठी रांगा लावून उभे राहू लागले. ज्या शहरात बाबासाहेब अर्धपोटी राहून ग्रंथालयात वाचत होते, त्याच शहरातील ही गोष्ट. गोरा कामगार तो भत्ता हप्ते भरून, हक्काने घेत होता.

१९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावरचा काळ आपणा सर्वांना पाठ आहे. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार. तो इथे पुन्हा सांगत नाही. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावातच मजूर होता. त्या पक्षाच्या जाहीरनाम्यात कारखान्यातील कामगारांची नेमणूक, बढती आणि बडतर्फी यांवर कायद्याचे नियंत्रण, कामाचे तास, भरपगारी रजा आणि बेकारांसाठी सार्वजनिक कामे ही कलमे होती. मालकाच्या मनात आले म्हणून माणूस काढता येऊ नये, ही मागणी इतकी जुनी आहे. आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात चरीचे शेतकरी १९३३ पासून संपावर होते. नारायण नागू पाटलांच्या त्या लढ्याला बाबासाहेबांनी बळ दिले आणि सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कुळाला जमिनीवरून काढणे आणि कामगाराला गेटबाहेर काढणे यांत त्यांनी फरक केला नाही.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथे सांगितले. कापडगिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे. चांगला पगार त्याच खात्यात होता. तेव्हाचे कामगारपुढारी क्रांतीच्या गप्पा मारत, या गोष्टीवर मात्र गप्प बसत. तरीही त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांनी कम्युनिस्टांसोबत मुंबईत एक दिवसाचा संप घडवून आणला. कामगाराला त्याच्या मनाविरुद्ध राबायला लावणे ही गुलामी आहे, हा त्यांचा विधिमंडळातील युक्तिवाद होता.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ही चार वर्षे आपल्या चळवळीत सर्वांत कमी सांगितली जातात, असे माझे मत आहे. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद ऑगस्ट १९४२ मध्ये भरली. कुशल कामगारांसाठी सेवायोजन कार्यालये निघाली आणि १९४५ मध्ये त्यांचा कारभार पाहणारे स्वतंत्र संचालनालय उभे राहिले. आमच्या पिढीतील मुले दहावी-बारावी होताच ज्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड काढायला रांग लावत, त्याचे मूळ इथे आहे. कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम १९४३ मध्ये प्रा. अडारकरांकडे सोपवले गेले आणि त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ईएसआयचा कायदा बाबासाहेबांनी केला, असे आपले कार्यकर्ते सर्रास बोलतात. कायदा १९४८ चा आहे, बाबासाहेबांनी मजूर खाते १९४६ मध्येच सोडले होते आणि योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत सुरू झाली. पाया त्यांच्या काळात घातला गेला, एवढे म्हणणे खरे आहे आणि पुरेसेही आहे. त्या कायद्यात आजारपण, बाळंतपण, अपघात, मृत्यू सगळे आले. बेकारी मात्र आली नाही.

बेकारीवर त्यांनी सर्वांत खोल विचार मांडला तो मार्च १९४७ मध्ये. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात. मूलभूत हक्क कागदावर दिले की माणूस स्वतंत्र झाला, असे घटनापंडित मानत होते. बाबासाहेबांनी विचारले की, बेकार माणसाला या हक्कांचा काय उपयोग? समजा त्याच्यासमोर नोकरी आली, पण अट अशी की तास ठरलेले नाहीत, युनियनमध्ये जायचे नाही, तोंड उघडायचे नाही. तो काय निवडेल? उपासमारीची, घर जाण्याची, मुलांची शाळा सुटण्याची भीती इतकी मोठी असते की तो हक्क सोडेल आणि नोकरी धरेल. नोकरीत असलेल्यालाही हीच भीती गप्प बसवते. म्हणजे मालक हे एक खाजगी सरकारच होते आणि त्या सरकारवर कुठलीही घटना चालत नाही. यावर उपाय म्हणून त्यांनी मूलभूत उद्योग आणि शेती सरकारच्या मालकीची, विमा सरकारच्या हाती आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात विमा सक्तीचा, अशी मांडणी केली. हे सारे घटनेतच लिहावे, म्हणजे बहुमत बदलले तरी बदलणार नाही, असा त्यांचा आग्रह होता.

घटना समितीने ते स्वीकारले नाही. संविधानात कलम ४१ आले. काम मिळण्याचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण यांत सरकारी साहाय्य, असे त्यात आहे. परंतु ते राज्याच्या धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, राज्याच्या आर्थिक कुवतीपुरते आहे आणि कलम ३७ प्रमाणे त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. मसुदा समितीच्या अध्यक्षाला स्वतःचाच विचार अर्धा बाजूला ठेवून मसुदा पुढे न्यावा लागला. १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. तोपर्यंत या देशात बेकारीचा विमा नव्हता.

तो पुढेही पन्नास वर्षे आला नाही. १ एप्रिल २००५ पासून ईएसआयने राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू केली. कारखाना बंद पडला, कपात झाली किंवा कायमचे अपंगत्व आले तर भत्ता, अशी ती होती. त्यानंतर १ जुलै २०१८ पासून अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना आली. आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी मजुरीच्या २५ टक्के. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० मध्ये, ते प्रमाण ५० टक्के झाले. मालकामार्फत जाण्याची अट गेली, कामगाराला थेट दावा करता येऊ लागला आणि ९० दिवस थांबण्याऐवजी ३० दिवसांनी मागता येऊ लागले. ही योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, कायमचा हक्क म्हणून नव्हे. १९४८ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिथेही बेकारीचा सार्वत्रिक विमा नाही.

आणि हे फुकटचे नाही. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के असे पैसे ईएसआयकडे भरायचे आहेत. अकरा वर्षे हप्ता कापून घेतला आणि काम गेल्यावर मागायला लाज वाटते, हे कसले गणित? खरी लाज त्या कंत्राटदाराला वाटायला हवी, जो पगारातून कापतो आणि भरतच नाही. असे कंत्राटदार आपल्यातलेही आहेत, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. जयंतीला डीजेसाठी लाखाची वर्गणी देतात आणि शंभर माणसांचा हप्ता बुडवतात.

आता त्या राजीनाम्याच्या कागदाकडे येतो. कपात झालेल्या कामगाराला नोटीस, प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई आणि बेकारीच्या भत्त्याचा दावा, हे सगळे कामावरून काढले या एका गोष्टीवर उभे आहे. राजीनाम्यावर सही केली की मालक म्हणतो, हा स्वतःहून गेला. मग ते खोटे ठरवण्याचे ओझे कामगारावर येते आणि वर्षानुवर्षे तारखा पडतात. बडोद्याहून परतलेल्या बाबासाहेबांना तर तक्रार न्यायची जागाही नव्हती. आपल्या बांधवाला आहे. त्याने अजून सही केलेली नव्हती, म्हणून त्याचे काम सोपे झाले. कंत्राटदाराला आणि मूळ मालकाला रजिस्टर पोस्टाने पत्र गेले आहे आणि ईएसआयकडचा दावा भरून झाला आहे.

पनवेलच्या आमच्या बुद्धविहारात रविवारी वंदनेनंतर दोन तास हेच काम करतो. तळोजा, पाताळगंगा, उरण, कुठलाही कामगार असो आणि कुठल्याही जातीचा असो. येताना ईएसआयचा विमा क्रमांक, शेवटच्या पगाराच्या चिठ्ठ्या, गेटपास, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक आणावे. मालकाने सहीसाठी कागद दिला असेल तर सही न करता तोही आणावा.