सर्पगंधेची पारख

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अरण्यांत, मोठ्या वृक्षांच्या सावलीत, सर्पगंधा नावाचे एक लहानसे झुडूप उगवते. त्याची फुले पांढरी-गुलाबी व पिकलेली फळे काळीभोर असतात. आपल्या देशातील वैद्य त्याची मुळी प्राचीन काळापासून निद्रानाशावर व उन्मादावर देत आले आहेत. या मुळीची कीर्ती जगभर पोहोचवली ती मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाने. त्यांचे नाव डॉ. रुस्तुम जाल वकील.

त्यांचा जन्म १९११ साली एका पारशी कुटुंबात झाला. इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात रोग्यांची सेवा करू लागले. रक्ताचा दाब वाढला, की हृदयाला अहोरात्र अधिक कष्ट पडतात. पुढे ते थकते, त्याच्या ठोक्यांची लयही बिघडू शकते. त्या काळी या विकारावर खात्रीचे औषध नव्हते. रोगी डोळ्यांदेखत खचत जाई आणि वैद्य हताशपणे पाहत राही.

सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे डॉ. गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच नोंदवले होते. परंतु पाश्चात्त्य जगाने तिकडे लक्ष दिले नाही. डॉ. वकील यांनी ही मुळी केवळ जुनी म्हणून स्वीकारली नाही, की केवळ जुनी म्हणून टाकलीही नाही. त्यांनी पन्नास रोग्यांना तिच्या गोळ्या दिल्या, रक्तदाब काळजीपूर्वक मोजला आणि नोंदी ठेवल्या. बहुतेकांचा रक्तदाब उतरला. १९४९ साली हा वृत्तांत ब्रिटनमधील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि देशोदेशींचे डॉक्टर सर्पगंधेकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले.

१९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले, तर १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. १९७४ साली त्यांचे निधन झाले.

पुढे या औषधाचे दोषही उघड झाले. त्याने नाडी फार मंदावते, मन खिन्न होते. म्हणून अधिक सुरक्षित औषधे आल्यावर त्याचा वापर घटला. इकडे मुळीसाठी झुडपे समूळ उपटली गेल्याने सर्पगंधा रानांतून दुर्मीळ झाली. १९९० साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

मुलांनो, वनातील ठेवा पारखून घ्यावा, हे डॉ. वकील यांनी दाखवून दिले. तो जपून ठेवणे हे मात्र आपले काम आहे.