मराठीत बोललेला परमेश्वर : श्रीचक्रधर स्वामी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपण घरोघरी गणरायाची प्रतिष्ठापना करतो. त्याच्या दोनच दिवस आधी, भाद्रपद शुद्ध द्वितीयेला, महानुभाव पंथीय मंडळी श्रीचक्रधर स्वामींचा अवतारदिन साजरा करतात. आपल्या गणेशगुडीत त्या दिवसांत सगळ्यांचे लक्ष मखरात आणि माटोळीच्या फळांत असते, त्यामुळे ही तिथी कधी येऊन जाते ते कळतही नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही स्वामींचे चरित्र निवडले. देव म्हणजे काय, हा प्रश्न त्यांनी साध्या माणसांपुढे साध्या मराठीत मांडला, आणि त्या उत्तरातून आपल्या भाषेलाही फार मोठे देणे मिळाले.

स्वामींचे मूळ घराणे गुजरातचे. भडोच येथील प्रधान विशाळदेव यांचे पुत्र हरिपाळदेव हे त्यांचे पूर्वायुष्यातील नाव. पंथाची श्रद्धा अशी की तरुणपणीच हरिपाळदेवांचे निधन झाले, देह स्मशानात नेला, आणि त्याच वेळी द्वारकेत देह ठेवलेल्या श्रीचांगदेव राऊळांनी त्या देहात प्रवेश केला. हरिपाळदेव उठून बसले. घरच्यांना मुलगा परत मिळाला, पण त्या देहात आता साक्षात परमेश्वर होता, असे महानुभाव मानतात.

पुढची काही वर्षे संसारात गेली. हरिपाळदेवांना द्यूताचा नाद होता. एकदा डावात मोठी रक्कम हरल्यावर त्यांनी पत्नीकडे दागिने मागितले, तिने ते दिले नाहीत. माणसाचे प्रेम कुठवर पोचते हे त्या प्रसंगातून उमगले आणि संसारावरचे मन उडाले. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले. बरोबरचे लोक वाटेत एकेक करून मागे सोडले आणि वऱ्हाडात ऋद्धिपूरला पोचले. तिथे श्रीगोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, यांची भेट झाली. लोक ज्यांना वेडे समजत, त्या गोविंदप्रभूंकडून त्यांना शक्ती मिळाली आणि चक्रधर हे नावही. पुढे स्वामी कित्येक वर्षे एकटे फिरले, रानात राहिले, भिक्षा मागून जेवले.

या एकांतातली एक लीळा लहान मुलांना जरूर सांगावी. शिकाऱ्यांनी पिटाळलेला एक ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडला. शिकारी आपले सावज मागू लागले. स्वामींनी शरण आलेला जीव देण्यास नकार दिला आणि असे बोलले की शिकाऱ्यांनी हिंसाच सोडली. जोयडाच्या जंगलात राहणाऱ्या आपल्याला या गोष्टीचे मोल अधिक कळावे.

नंतर पैठण परिसरात त्यांच्याभोवती माणसे जमू लागली. नागुबाई ऊर्फ बाइसा, नागदेवाचार्य, महादाइसा अशी ही मंडळी. त्यांना स्वामींनी जे सांगितले ते थोडक्यात असे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगवेगळे आहेत. प्रपंच म्हणजे हे दिसणारे जग. ते टिकणारे नाही. जीव बांधलेला आहे, पण सुटू शकतो. देवता कोट्यवधी आहेत. त्या आपापल्या शक्तीप्रमाणे फळ देतात, मात्र त्या स्वतःच नित्य बद्ध आहेत, म्हणून मोक्ष देऊ शकत नाहीत. नित्य मुक्त असा परमेश्वर एकच, आणि जिवाला सोडवणे त्याच्याच हाती.

आता हा परमेश्वर निराकार असेल तर सामान्य माणसाने त्याला गाठायचे कसे? स्वामींचे उत्तर असे की जीव तिथवर चढू शकत नाही, म्हणून परमेश्वरच कृपेने खाली उतरतो आणि मनुष्यदेह धारण करतो. श्रीदत्तात्रेय, श्रीकृष्ण, श्रीचक्रपाणी म्हणजे चांगदेव राऊळ, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर हे पाच अवतार महानुभाव मानतात. त्यांनाच पंचकृष्ण म्हणतात. तो चालतो, जेवतो, हसतो, रागावतो आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो. म्हणूनच त्याचे नाव, मूर्ती, लीळा आणि चेष्टा आठवणे हीच पंथाची मुख्य साधना. स्वामी जिथे बसले, जेवले, निजले त्या जागांवर ओटे बांधलेले आहेत आणि लोक तिथे माथा टेकतात. जागेची ही माया आपल्यातल्या सुपेकरांना वेगळी समजावून सांगायला नको. गाव काळी नदीच्या धरणात गेले, तरी देव कुठे होता आणि अंगण कुठे होते हे मनातून जात नाही.

असाच विश्वास भारताच्या अगदी दुसऱ्या टोकाला, सहाशे वर्षांनंतर दिसतो. कन्याकुमारीजवळच्या स्वामीतोप्पु येथे १८०९ मध्ये जन्मलेले अय्या वैकुंडर १८३३ मध्ये तिरुचेंदूरच्या समुद्रात शिरले आणि तिसऱ्या दिवशी बाहेर आले ते नारायणाचा अवतार होऊन, असे अय्यावळी पंथ मानतो. तिथेही एकच परमेश्वर, तिथेही जातीच्या उतरंडीला नकार. त्यांच्या देवस्थानात मूर्तीच्या जागी आरसा असतो. दर्शनाला आलेल्याला त्यात स्वतःचेच रूप दिसते. त्रावणकोरच्या राजाने वैकुंडरांना कैदेत टाकले होते. परमेश्वर सामान्यांच्या वस्तीत उतरला, असे कोणी म्हणू लागले की सत्तेला ते फारसे रुचत नाही. स्वामींच्या वाट्यालाही तेच आले.

देवगिरीच्या यादवांचा तो काळ. राज्याचा कारभारी हेमाद्री मोठा विद्वान होता. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथात व्रते, दाने, श्राद्धे यांचा प्रचंड संग्रह आहे. एकीकडे जवळपास प्रत्येक तिथीला व्रत, आणि दुसरीकडे एका परमेश्वराला अनन्यभावाने शरण जा म्हणणारे स्वामी. त्यात स्वामींपाशी स्त्रिया बसत, प्रश्न विचारत, संन्यासही घेत. विटाळाबद्दल विचारले असता, तो शरीराचा एक धर्म आहे, जसे इतर मळ तसाच हा, त्याने भक्तीला बाध येत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. आज, साडेसातशे वर्षांनीही, गणपतीच्या दिवसांत किती घरांत बायका-मुलींना बाजूला बसवले जाते, हे ज्याने त्याने आपापल्या घरी पाहावे.

अखेर स्वामींना राजसत्तेचा छळ सोसावा लागला. इ.स. १२७४च्या सुमारास ते उत्तरापंथे निघून गेले, असे पंथ मानतो. म्हणून महानुभाव त्यांची पुण्यतिथी करत नाहीत. त्यांच्या लेखी स्वामी आजही आहेत.

मागे राहिलेल्या शिष्यांचा शोक मोठा होता. नागदेवाचार्यांनी पंथ सांभाळला. म्हाइंभट नावाच्या विद्वानाने स्वामींच्या आठवणी ज्याला ज्याला ठाऊक होत्या त्याच्याकडून मिळवल्या आणि १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठीतला हा पहिला गद्य ग्रंथ, ज्ञानेश्वरीच्याही आधीचा. महादाइसांनी धवळे रचले आणि मराठीच्या त्या आद्य कवयित्री ठरल्या. केसोबासांनी स्वामींनी सांगितलेले दृष्टांत एकत्र केले, त्यांची संख्या ११४. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यांतलीच. ज्याच्या हाती पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, ज्याच्या हाती कान लागला त्याला सुपासारखा. प्रत्येकाचे बोलणे खरे, पण हत्ती मात्र कोणालाच कळला नाही.

हेच केसोबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. संस्कृतात लिहिले तर आपल्या साध्या म्हाताऱ्या बायका स्वामींच्या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण. आम्हाला या चरित्राचे मर्म इथेच सापडते. परमेश्वर जर सर्वांना कळावा म्हणून माणूस झाला असेल, तर त्याचे बोलणेही सर्वांना कळणाऱ्या भाषेतच राहिले पाहिजे. स्वामी जन्माने गुजराती, तरी ते मराठीत बोलले. त्यांच्या देवाच्या कल्पनेनेच मराठीला ग्रंथाची भाषा केले.

गंमत अशी की स्वामींनी शिष्यांना महाराष्ट्रातच राहायला सांगितले होते. कानडी आणि तेलंगी देशात जाऊ नका, अशी त्यांची स्पष्ट सूचना होती. आम्ही तर पिढ्यान् पिढ्या कानडी मुलखातच आहोत! दिवसभर कचेरीत कन्नडमध्ये फायली लिहायच्या, आणि संध्याकाळी घरी मराठीत बोलायचे, हा आमचा रोजचा क्रम. पण पुढे त्यांचेच अनुयायी पंजाबात आणि थेट काबूलपर्यंत गेले, आणि तिथेही मराठी पोथ्या जपून वाचत राहिले. पोथी मराठी होती, म्हणून भाषा टिकली; भाषा टिकली, म्हणून पंथ टिकला.

स्वामींच्या विचाराने पाहिले तर आपला गजानन देवतांमध्ये गणला जाईल, परमेश्वरात नाही. हे लपवण्यात अर्थ नाही, आणि त्यासाठी कोणी मखर उतरवावे असेही आमचे म्हणणे नाही. आपली श्रद्धा आपल्यापाशी आहे. मात्र आपण देवाकडे काय मागतो, फळ की सुटका, हा त्यांचा प्रश्न मूर्तीपुढे हात जोडताना मनात असावा.

यंदाच्या उत्सवात आरतीनंतर रोज एक लीळा मोठ्याने वाचावी, अशी मंडळाला आमची सूचना आहे. एक लीळा वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत. जुनी मराठी अडेल तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांनी अर्थ सांगावा. ज्या मुलांची शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची आहे, त्यांनाच आधी वाचायला बसवावे. श्रीगणराय सर्वांना सुबुद्धी देवो!